चाकूरचं पाणी अर्धापुरात

चाकुरात महादेवप्पा हत्तरगे कुठं राहतात असं विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. वॉलमन अप्पा म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. गावाला नळाचं पाणी सोडणं हे त्यांचं काम. छातीएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की चाल अशी, जणू अख्ख्या गावाची विहीर खिशात घालून चाललेत. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, वेढे द्यायचे आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. मागं गल्लीत घागरी-बादल्यांचा एकच कल्ला उठायचा. तो कल्ला ऐकून हा माणूस पुरणपोळी खाल्ल्यासारखा खूश.

इमानाचा मात्र इतका पक्का, की त्या इमानानं घरचे बेजार. वॉलमनच्या घरी पाण्याला काय तोटा, असं तुळजाबाई ओट्यावर बसून म्हणायची. तुळजाबाई ही भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिच्या कानांना भिंत म्हणजे नुसता पडदा. एकदा साखर मागायच्या निमित्तानं आत जाऊन तिनं गंगम्माच्या रांजणात डोकावून पाहिलं. आत वाटीभर पाणी आणि त्यात बुडायला नको म्हणून काठावर बसलेली एक मुंगी. अप्पांनी स्वतःच्या गल्लीचा नंबर सगळ्यात शेवटी लावला होता, आणि शेवटच्या गल्लीत येईपर्यंत नळाची धार करंगळीएवढी व्हायची. अप्पांची बायको गंगम्मा म्हणायची की दुसऱ्यांचे नवरे नोकरीवरून काहीतरी घरी आणतात, माझा नवरा घरातलं होतं ते नेऊन वाटतो.

तो सोळा सालचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं आणि चाकूरच्या नळात फुंकर मारली तर शिट्टी वाजत होती. टँकर आला की अप्पा चावी घरी ठेवून पाईप धरायला जायचे. बसस्टँडवरच्या हॉटेलात मात्र वेगळाच पूर आलेला. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणतात, मग चाकूर कुणाच्या पदरात, लातूरच्या की उदगीरच्या? घसा कोरडा पडेस्तोवर वाद चालायचा, आणि घसा कोरडा पडला की लोक चहा मागायचे, कारण पाणी मागितलं तर हॉटेलवाला मान फिरवायचा.

दुष्काळ आणि नवा जिल्हा या दोन्हींचा अप्पांना त्या साली भलताच आधार झाला होता. त्यांना एक काम टाळायचं होतं.

त्याचं असं झालं. अप्पांचे थोरले भाऊ चंद्रप्पा आतड्याच्या कॅन्सरनं गेले होते. गॅस आहे, मूळव्याध आहे, असं म्हणत ते काढे पीत राहिले, आणि तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पुढं अप्पांनाही शौचातून रक्त दिसलं, तेव्हा गंगम्मानं त्यांना जवळजवळ ओढतच लातूरला नेलं. तिथं मागच्या वाटेनं कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून सगळं मोठं आतडं आतून पाहिलं. डॉक्टर त्याला कोलोनोस्कोपी म्हणाले, गल्ली त्याला दुर्बीण म्हणाली, आणि अप्पा त्याला काहीच म्हणाले नाहीत, कारण त्या वाटेनं काही घातलं गेलं हेच त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुळजाबाईला ते त्याच दिवशी कळलं.

आतड्याच्या भिंतीवर मांसाचे बारके कोंब निघाले. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथं खुडून तपासायला पाठवले. कॅन्सर नव्हता. पण हे कोंब वाढू दिले असते तर काही वर्षांनी त्यांतला एखादा कॅन्सर झाला असता, असं त्यांनी समजावलं. ज्याला एकदा येतात त्याला पुन्हा येऊ शकतात, आणि ज्याचा सख्खा भाऊ यात गेला त्यानं तर जास्तच जपायचं. हराळी एकदा खुरपली म्हणून कुणी बांधाकडं पाठ फिरवतं का? तीन वर्षांनी पुन्हा या, बारीक असतानाच खुडू, दुखायची वाट बघू नका. कोंब लहान असतो तेव्हा तो दुखत नाही, आणि दुखायला लागतो तेव्हा तो बहुतेक कोंब राहिलेला नसतो.

ती तीन वर्षं त्या उन्हाळ्यात भरली.

गंगम्मानं विषय काढला की अप्पांची उत्तरं तयार. तपासणीच्या आधी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून प्यावं लागतं, घागरभर पाणी पोटात आणि टाकीभर पाणी संडासात. गाव तहानलेलं असताना वॉलमननं एवढं पाणी आपल्या पोटासाठी घालवायचं? पाऊस पडू दे, मग बघू. पाऊस पडल्यावर काय, असं गंगम्मानं विचारलं तर म्हणायचे, उदगीर जिल्हा होणारच आहे, मग तिथं मोठा सरकारी दवाखाना येईल, जवळच्या जवळ करून टाकू. जिल्हा व्हायच्या आत तुमचं काही झालं तर, असं ती म्हणाली, तेव्हा अप्पा चप्पल घालून बाहेर पडले. टँकर नव्हता, नळ नव्हता, तरी ते गावभर झाकणं तपासत फिरले.

रक्त दिसत नव्हतं, भूक लागत होती, झोप लागत होती. पण जेवताना मधेच त्यांचा हात थांबायचा आणि दोन बोटं नकळत पोटाच्या डाव्या बाजूला जायची, जिथं चंद्रप्पांचा हात असायचा. पाणी आणि जिल्हा ही लोकांना सांगायची गोष्ट. खरी गोष्ट अशी की या वेळी आत काय सापडेल याची त्या धिप्पाड माणसाला भीती वाटत होती.

शेवटी गंगम्मानं लेकीला फोन केला.

लेक सिंधु, नांदेडपलीकडं अर्धापूरला दिलेली. जावई शिवराज, केळीचा बागायतदार. त्या साली तिकडंही अर्ध्या बागा वाळल्या होत्या, पण विहिरीला घरापुरतं पाणी टिकून होतं. सिंधुनं बापाला न विचारता नांदेडच्या दवाखान्यांच्या गल्लीत, डॉक्टर लेनमध्ये, तपासणीची तारीख ठरवली आणि फोनवर सांगितलं की आदल्या दिवशी इकडं या, औषध इथं प्या, पाणी आमचं, संडास आमचा, चाकूरचा एक थेंब जाणार नाही. अप्पांचा सगळा बहाणाच लेकीनं उपटून फेकला. फोन ठेवला आणि अप्पांना नवी अडचण सापडली. तो मात्र बहाणा नव्हता.

हत्तरग्यांच्या घराण्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अप्पांच्या आज्यानं पाळली, बापानं पाळली. पूर्वी वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असायचा. पाळणा हलला की आजोबा तांब्याभर पाणी पिऊन मोकळे. सिंधुच्या लग्नाला मात्र पुष्कळ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. अप्पा अर्धापूरला जात, तेव्हा घरून बाटली भरून नेत. ओसरीवर बसून जावयाशी केळीच्या भावाच्या गप्पा मारत, आपल्याच बाटलीतून घोट घेत, आणि ऊन उतरायच्या आत परतीची बस धरत.

"दोन घोटांची बाटली निराळी," गंगम्मा म्हणाली. "आता हौदभर प्यायचं हाय. तवा काय करताव?"

दुसऱ्या दिवशी गल्लीनं पाहिलं, तर त्यांनी एक मोठी प्लास्टिकची कॅन घासूनपुसून उन्हात पालथी घातली होती. आपल्या वाट्याचं टँकरचं पाणी चार दिवस साठवून, स्वतः आंघोळीला फाटा देऊन, त्यांनी ती भरली. अख्खा महाराष्ट्र लातूर जिल्ह्याकडं पाणी आणत होता आणि आमचा वॉलमन लातूर जिल्ह्यातलं पाणी बाहेर घेऊन निघाला होता. तुळजाबाईनं ओट्यावरूनच विचारलं की अप्पा, नांदेडला टँकर लावला का काय. अप्पांनी कॅनवर गमछा टाकला, जणू आत कुणाचं तान्हं लेकरू आहे.

नवरा-बायको बसमध्ये बसले. अहमदपूरपर्यंत कॅन मांडीवर होती. लोह्याच्या अलीकडं बस बंद पडली. डोक्यावर मे महिना, झाडाची सावली म्हणून नाही. एक म्हातारी उन्हानं ओकायला लागली आणि तिच्या सुनेनं इकडं तिकडं बघत विचारलं, कुणाकडं घोटभर पाणी हाय का बाबा. अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. गंगम्मानं अप्पांकडं पाहिलं. मग गमछा निघाला.

एकदा झाकण उघडल्यावर वॉलमनला राहवतं होय? म्हातारीला दिलं, तिच्या सुनेला दिलं, मग कंडक्टर आला, मग मागच्या बाकावरचे आले. अप्पांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, घुसणाऱ्याला दटावलं, लेकुरवाळीला पुढं घेतलं, आणि वाटून संपल्यावर कमरेवर हात ठेवून समाधानानं उभे राहिले. तेवढ्यात बस सुरू झाली, आणि अप्पांच्या ध्यानात आलं की कॅनच्या तळाशी जेमतेम तांब्या-दोन तांबे उरलंय.

अर्धापूरला पोचल्यावर सिंधुनं औषधाचा पुडा पुढं ठेवला आणि पाण्याचं मोठं तपेलं भरून आणलं. अप्पा म्हणाले, राहू दे, मी आणलंय. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कॅनमधल्या पाण्यात अर्धाच पुडा कालवला. हॉटेलवाला अर्ध्या दुधात पाणी घालून गावाचा चहा भागवतो, तसं आपलंही भागेल असा त्यांचा हिशेब. संडासला सिंधुच्याच घरचं पाणी वापरलं. रिवाज प्यायच्या पाण्यापुरता होता, तिथपर्यंत आज्याचं ध्यान पोचलं नसावं. सिंधु दाराशी येऊन उभी राहिली, रिकामी कॅन पाहिली, आणि भरलेलं तपेलं उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नांदेडात तपासणी झाली आणि झाली नाही. डॉक्टरांनी नळी घातली, थोडी पुढं नेली आणि परत काढून घेतली. गुंगीचं औषध उतरून अप्पा शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

"काका, काम काय करता?"

"गावाला पाणी सोडतो."

"मग गढूळ डबक्यात तळ दिसत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का? औषध किती प्यायलात?"

गंगम्मानं सगळं सांगून टाकलं, कॅनपासून लोह्यापर्यंत. डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले की भिंतीवर मळ असला तर बारका कोंब त्याच्याखाली दडून राहतो. मी 'दिसला नाही' म्हणेन, तुम्ही 'नाही' समजाल, आणि तो आत वाढत राहील. अशी तपासणी करण्यापेक्षा न केलेली बरी, निदान खोटा धीर तरी येत नाही. आज नवा पुडा घेऊन पुन्हा औषध प्या, पूर्ण प्या, वर साधं पाणीही प्या, नुसतं पिवळसर पाणी पडेपर्यंत. उद्या परत बघू.

संध्याकाळी अर्धापूरच्या ओसरीवर चौघं बसली होती आणि मधे पाण्याचं तपेलं होतं. जावई शिवराज तसा मुखदुर्बळ माणूस. तो केळीला पाणी द्यायचं निमित्त करून उठला. अप्पा म्हणाले की बाजारातून बंद बाटल्या आणू, विकतचं पाणी कुणाच्या घरचं नसतं. गंगम्मानं कपाळाला हात लावला.

सिंधु खाली बघत म्हणाली, "आणा. पर घरात आणताना झाकून आणा."

"कामून?"

"शेजारच्या मामी दर येळेला बगत असतात, अप्पा. तुमी आलात की पहिलं तुमच्या हातातली बाटली बगतात. बाटली दिसली की त्यांना कळतंय, सिंधुला अजून काई न्हाई. मग इचारायची बी गरज पडत न्हाई."

अप्पांच्या हातातला गमछा हातातच राहिला. लेकीच्या संसाराला आपला भार नको, तिच्या सासरच्यांनी बाप खायला येतो असं म्हणू नये, एवढाच त्या रिवाजाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. बाटली हातात धरली की आपण ताठ बापासारखे दिसतो असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. ती बाटली दुसऱ्या बाजूनं कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"तुज्यावर वझं नको म्हणून पाळत होतो गं," ते म्हणाले.

"पाण्याचं वझं न्हाई, अप्पा. बाटलीचं हाय."

गंगम्मानं पदरानं नाक पुसलं आणि आता सांगायलाच हवं अशा सुरात म्हणाली, "म्या तर पहिल्या सालापासनं पिऊन राहिले."

"काय?"

"पाणी. तुमी हितं वसरीवर बाटली धरून बसायचे, म्या आत चुलीपशी चहा प्यायची. चहा काय दुधाचाच असतोय का? पाणी बी पेले, जेवले बी. काई झालं न्हाई मला."

"आन् मला सांगितली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

सिंधुला हसू आलं आणि हसताना रडूही आलं, आणि मग कोणतं कशासाठी आहे हे तिचं तिलाही कळेना. अप्पा बायकोकडं पाहत राहिले. गावभर पाण्याची चोरी पकडणारा माणूस, आणि चोर घरातच, एवढी वर्षं. शेवटी त्यांनी तपेल्याकडं बोट केलं.

"त्यात कालीव. पुरा पुडा कालीव."

सिंधुनं औषध कालवलं आणि पहिला पेला बापाच्या हातात दिला. अप्पांनी डोळे मिटून आज्याची क्षमा मागितली असेल किंवा चंद्रप्पांची आठवण काढली असेल. ओठ हलले एवढं खरं. मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. चव अशी, की लिंबू-मिठाच्या सरबतात कुणीतरी अंगाचा साबण पाडलाय. अशा पाण्यानं रीत मोडली, याचं आज्यालाही फार वाईट वाटलं नसतं.

पुढचं वर्णन सभ्य घरात करू नये, पण थोडं केल्याशिवाय राहवत नाही. अप्पा पेला रिकामा करायचे, चार फेऱ्या घालायचे, आणि मग त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं परसात धावायचे. शिवराज परतला होता. तो संडासाबाहेरची बादली भरून ठेवायचा आणि सासऱ्यांची चाहूल लागली की केळीच्या घडाकडं तोंड करून उभा राहायचा, जणू तो घड आत्ताच पिकणार आहे. औषध संपलं तेव्हा सिंधुनं साधं पाणी सुरू केलं. लेक ओतत होती, बाप पीत होता. इतक्या वर्षांचं राहिलेलं पाणी एका संध्याकाळी प्यायचं असावं, तसं. मधे एकदा अप्पा हळूच म्हणाले की मला भ्या वाटून राहिलं सिंधु, दादासारखं निघालं तर. सिंधु म्हणाली की मग उद्या कळेल, अप्पा. न बघता बसलो तर रोज भ्याच वाटंल.

दुसऱ्या दिवशी आतडं धुतलेल्या परातीसारखं लख्ख निघालं. नळी शेवटपर्यंत गेली. येताना डॉक्टरांना दोन बारके कोंब सापडले आणि वळणाच्या आडोशाला, जिथं आदल्या दिवशी मळ बसला होता तिथं, एक जरा मोठा. तिन्ही खुडले. तुकडे तपासायला गेले.

निकाल येईपर्यंत अप्पा अर्धापुरातच राहिले. गंगम्मा म्हणते, त्या घरात ते पहिल्यांदाच मुक्कामाला राहिले, आणि मुक्कामी राहिल्यावरच त्यांना कळलं की त्यांच्या लेकीला ताकातली ज्वारीची आंबील चांगली जमते आणि जावई झोपेत घोरतो. निकालाचा फोन शिवराजला आला. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना, मुखदुर्बळ माणसाची हीच तर पंचाईत. अप्पांची दोन बोटं पोटाच्या डाव्या बाजूला गेली. फोन ठेवून शिवराज म्हणाला, कॅन्सर न्हाई मामा. मोठा कोंब पुढं बिघडायच्या जातीचा होता, पण बिघडला नव्हता, आणि सगळा निघालाय. अजून काही वर्षं पावसाची आणि जिल्ह्याची वाट बघत बसला असता तर मग सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा तीन वर्षांनी बोलावलंय.

गंगम्मानं देवाला हात जोडले. अप्पा उठून ओसरीच्या अगदी कडेला, जिथून रस्ताही दिसतो आणि रस्त्यालाही आपण दिसतो, तिथं जाऊन बसले. शेजारच्या मामी दारात तांदूळ निवडत होत्या. अप्पांनी त्यांना रामराम घातला आणि मग पाईपच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणजे वॉलमनच्या नेहमीच्या आवाजात, हाक दिली.

"सिंधु, पाणी आन गं."

मामींचं सूप हातातच थांबलं. सिंधु तांब्या-पेला घेऊन आली. अप्पांनी पेला उजेडाला धरला, गावभराचं पाणी पारखणाऱ्या डोळ्यांनी निरखला, घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"तुमच्या पाण्याला चव न्हाई गं. मचूळ हाय."

"मग नका पिऊ," सिंधु म्हणाली आणि तांब्या उचलायला वाकली.

अप्पांनी तांब्यावर हात ठेवला आणि रिकामा पेला पुढं केला.

"ओत."